शंभर तोंडं, एक अंग

कुरणवाडी, निपाणीजवळ
कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १८५६

जयवंतास जोतिबाचा रामराम.

हिकडं समदी बरी हायती, आईचं सोडून. आई आता उठत न्हाय. भिताकडं तोंड करून पडून असती. काल इचारत हुती, "माझा काचवाला भाचा कवा येतोय?" मी म्हटलं, कॅम्पातल्या सायबांचे चष्मे घासून झाले की येतोय. तर म्हणाली, "सायबांस्नी नीट दिसून काय करायचंय? त्यांस्नी आदीच लई दिसतंय."

लिवायचं कारण येगळं हाय. यंदा जाकाबाईच्या तळ्याची पाळी आपल्या घराकडं आलीया. तुला गाव सोडून इतकी सालं झाली, ध्यानात हाय का न्हाय म्हणून सांगतो. पाळीवाल्यानं सालभर पायऱ्या घासायच्या, बाईच्या माशांना रोज चुरमुरे घालायचे, आन् मार्गशीर्ष पुनवेच्या जत्रेला तळं आरशावाणी करून भावकीच्या हवाली करायचं. बाचं नशीब न्हवतं, त्येच्या हयातीत पाळी आली न्हाय. आई म्हणती, माझ्या डोळ्यांदेखत आली हे लई झालं.

आन् नेमकं यंदाच तळ्यात कायतरी धरलंय. खालच्या पायऱ्यांना, लव्हाळ्याच्या देठांना, शेंबडासारखे पांढुरके गोळे. मोठा गोळा आवळ्याएवढा. हात लावला की बुळबुळीत. भावकीतले कोण म्हणतंय बेडकाची अंडी, कोण म्हणतंय पाण्याला देवी आल्या. बसवंत पाटील रोज काठावर येऊन उभा ऱ्हातोय, निसता गोळ्यांकडं बगून माझ्याकडं बगतोय.

तुझ्याकडं ते बारकं बघायचं यंत्र हाय. तंबाखूच्या लॉरीवरच्या मष्णूकडं एका बाटलीत गोळा घालून धाडलाय. काय हाय ते कळव, आन् घालवायचं कसं ते बी कळव.

जोतिबा


कॅम्प, बेळगांव
ता. २३ नोव्हेंबर १९३४

प्रिय जोतिबा,

मष्णूनं बाटली सुखरूप आणून दिली. तू बूच घट्ट लावलं होतंस ते चुकलं, आतला जीव गुदमरला असता. मष्णूनं वाटेत ते काढून चिंधी बांधली होती. तुझ्यापेक्षा त्याला अक्कल जास्त आहे, पण त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

आता मुद्द्याचं. शेंबूड नव्हे, शेंबडाला आकार नसतो, याला आहे. बेडकाची अंडीही नव्हेत. बेडूक या दिवसांत अंडी घालत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कॅम्पातून कळवावं लागतं याचं नवल वाटतं. हा प्राणी आहे. आणि एक नव्हे, अनेक.

मी गोळा काचेच्या बशीत पाण्यात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून, हात न लावता बसून राहिलो. (विलायतेला परत जाणाऱ्या मिलिटरी डॉक्टरच्या सामानाच्या लिलावातलं हे यंत्र. पितळेचं आहे. आतली एक काच तडकलेली होती, ती मी स्वतः घासून नवी बसवली.) प्रथम काहीच हललं नाही. मग एकेक तोंड उघडलं. प्रत्येक तोंडाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचा तुरा, त्या तुऱ्याला केसाहून बारीक बोटं. ती लवलवतात आणि पाण्यातलं अन्न तोंडाकडं लोटतात. असली तोंडं एका गोळ्यात डझनांनी. एकाला मी सुईच्या टोकानं शिवलो. तो आत गेलाच, पण ज्यांना शिवलो नव्हतो ते शेजारीही आत गेले, आणि थोड्या वेळात सगळा गोळा मुका झाला. कारण कातडं एकच आहे. एकाच पिशवीतून सगळ्यांचं एकच पाणी खेळतं. आणि सगळा गोळा मिळून सरकतो. काल बशीच्या मधोमध होता, आज काठाला लागलाय. कुठं जायचं ते कोण ठरवतं हे मला दिसलं नाही. डोकं कुणालाच नाही.

गोळ्याच्या आत तिळाहून बारीक तपकिरी दाणे आहेत, दोन्ही टोकांना आकडे असलेले. तळं आटलं, गोळा मेला, तरी हे दाणे टिकतात आणि बगळ्याच्या पायाला, म्हशीच्या केसाला चिकटून दुसऱ्या पाण्यात जातात. तेव्हा कुणाचा कोप वगैरे काही नाही. एका पाद्र्याच्या ग्रंथसंग्रहातून घेतलेलं जाड पुस्तक माझ्याकडं आहे, त्यात याचं चित्र आहे. फक्त चित्रात आकडे जरा आखूड काढलेत, ते मी पेन्सिलीनं दुरुस्त केले.

विषारी नाही. पुस्तकात तसं काही म्हटलेलं नाही, आणि पुस्तकावर विसंबून न राहता मी स्वतः एक कण जिभेवर ठेवून पाहिला. शेवाळाची चव. तेव्हा निर्धास्त खरवड. खुरप्यानं उचकट, नारळाच्या काथ्यानं रगड, आणि पाटलाला म्हणावं आता बघ.

आत्याला माझा शिरसाष्टांग. प्लेगात आमचं घर ओस पडलं तेव्हा तिनं तुझ्याच पाटीच्या दुसऱ्या बाजूवर मला मुळाक्षरं गिरवायला लावली. तिथून सुरुवात झालेला माणूस आज हे पाहतो आहे, हे तिला सांग. जत्रेला येतो.

तुझा
जयवंत


कुरणवाडी
कार्तिक वद्य नवमी

जयवंतास रामराम.

कसं लिवावं कळत न्हाय. म्हणून जसं झालं तसं लिवतो.

तुझं पत्र आईला वाचून दावलं. एकाला शिवलं की समदी तोंडं गप हुत्यात हे ऐकून आई लई दिवसांनी हसली. "शंभर तोंडं आन् एक पोट? ही आपली भावकीच की रं," म्हणाली. "फकस्त हितं एकाला शिवलं की समदी उघडत्यात."

सप्तमीला आमी तळ्यात उतरलो. मी, गुणाबाई आन् तिचा भाऊ रवळू, जत्रेच्या कामाला म्हणून त्येच्या गावासनं आलता. झरा ह्या दिवसात बारीक चालतोय, पाणी कंबरंएवढंच. गोळे हातात गावंनात, निसटून पळायचे. मग रवळू पायानं चेचत गेला आन् मी मागनं काथ्यानं रगडत गेलो. पाणी ताकावाणी झालं. पायऱ्या मातर अशा निघाल्या की रवळू म्हणाला, दाजी, हितं तोंड बघून मिशी कातरावी.

घरी येऊन ताटावर बसलो तवर पाण्याला गेलेल्या बाया बोंबलत आल्या. जाऊन बघतोय तर मासे पोट वर करून. एक न्हाय, दोन न्हाय, समदं तळं पांढरं. नथवाली शेवटाला गेली. पाटलाच्या आजीनं बाईला सोडलेली ती सोन्याच्या नथीची मासळी, आपुन ल्हानपणी तिला भ्यायचो. पायरीपशी येऊन तोंड उघडत हुती, मिटत हुती. मी तिला दोनी हातांनी पाण्यात धरली, म्हटलं जरा आधार मिळंल. हातातच गेली.

रातीला भावकी बसली. गुरव भला माणूस. म्हणाला, पायऱ्या घासणं हे पाळीवाल्याचं कामच हाय, त्यात त्येचा काय दोस? बाईनं आपली लेकरं आपुनच न्हेली असतील. अमावाशेला कौल लावायचा ठरलाय. बाईच्या खांद्यावरली कळी उजवी पडली तर बाईची मर्जी, निवद केला की झालं. डावी पडली तर आमचं घर वाळीत.

तुझ्या पत्राचं मी कुणाला बोललो न्हाय. तू त्यात नगोस. तू आपल्या यंत्रात जे दिसलं ते लिवलंस.

आईला बी काय सांगितलं न्हाय. पर तिला वास आल्यावाणी झालंय. सारखं एकच इचारती, "मला उचलायला भावकी हाय न्हवं?" तुला ठावं हाय, माझ्या पोटी ल्योक न्हाय, जावई मुंबईला गिरणीत. चार खांदे द्यायचे तर भावकीनंच.

जोतिबा


कॅम्प, बेळगांव
ता. ५ डिसेंबर १९३४

प्रिय जोतिबा,

तुझं पत्र परवा आलं. तेव्हापासून दुकान उघडलेलं नाही.

पहिली गोष्ट, कळी उजवी पडते का डावी हे ती किती ओली आहे आणि गुरवानं ती कशी चिकटवली आहे यावर आहे. अशा गोष्टीवर तुझं घर टांगलेलं मला सहन होत नाही. मासे मेले म्हणजे कारण असलंच पाहिजे, आणि असलं तर ते सापडलंच पाहिजे.

मी किल्ल्याच्या खंदकातून बारके मासे धरून आणले. तीन बरण्या घेतल्या, तिन्हींत त्याच खंदकाचं पाणी. पहिलीत तुझ्या गोळ्याचा एक तुकडा अलगद, न दुखवता सोडला आणि मासा सोडला. दुसरीत तेवढाच तुकडा खलात चेचून घातला. तिसरीत नुसतं पाणी. एक पान चघळून होईपर्यंत दुसऱ्या बरणीतला मासा कलता झाला, वर येऊन हवा गिळू लागला आणि उलटला. अगदी तू नथवालीचं लिहिलंस तसंच. पहिलीतला आणि तिसरीतला आत्ता हे लिहिताना फिरताहेत. खात्रीसाठी चेचलेला गोळा धोतराच्या पदरातून गाळून नुसता रस घातला. त्यानंही मासा मेला.

तेव्हा निकाल असा. गोळा जिवंत आणि अखंड असेल तर निरुपद्रवी. चेचला की त्याच्या अंगातलं पाणी माशाला मारतं, माणसाला काही करत नाही. मी जिभेवर ठेवला तो कण चेचलेला नव्हता, आणि मी मासा नाही. एवढा भेद माझ्या लक्षात यायला हवा होता. हे पाद्र्याच्या पुस्तकात नाही. मी ते पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. कुणीही हे लिहून ठेवलेलं नाही. (आत्याला हेही सांग, पोट एक नाही, पोटं वेगळी, अंग एक. पण तिचं म्हणणं मला आवडलं.)

याचा अर्थ समजून घे. मासे बाईनं नेलेले नाहीत, बाईचा कोप झालेला नाही, तुझ्या घराला काही लागलेलं नाही. त्यामुळं कौल लावण्याचं कारणच उरत नाही. हे पत्र देवळात सगळ्या भावकीपुढं मोठ्यानं वाचून दाखव. तू भिडेखातर दडपशील हे मी ओळखून आहे, म्हणून याचीच स्वच्छ नक्कल बसवंत पाटलांच्या नावे वेगळ्या पाकिटातून आजच टाकली आहे. अमावास्येच्या आत पोचेल अशी आशा आहे.

आत्याला सांग, घोर करू नको. भाच्यानं कारण शोधून काढलं आहे.

तुझा
जयवंत


कुरणवाडी
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

जयवंतास रामराम.

अमावाशेला कौल लागला. कळी उजवी पडली. गुरवानं घंटा वाजवली, समद्यांनी भंडारा लावला. मी बायामाणसांदेखत रडलो. गुणाबाईनं दुसऱ्या दिशी निवदाला पुरण शिजत घातलं. भावकीतल्या बाया मदतीला आलत्या, चुलीपशी हसणं-बोलणं चाललं हुतं. आई आतनं म्हणाली, "आज घर भरल्यावाणी वाटतंय."

तवाच पोस्टमन आला. आधी पाटलाकडं गेला.

पाटलानं मास्तराला बलावून चावडीत तुझं पत्र वाचून घेतलं. मास्तर लई चांगलं वाचतोय. एक अक्षर गाळलं न्हाय. तीन बरण्या, खंदकाचं पाणी, पान चघळणं, समदं. लोकं कान देऊन ऐकत हुती. पोरं दंगा करत हुती त्यांस्नी गप बसवलं. मासे बाईनं न्हेलेले न्हाईत, हे वाक्य पाटलानं दोनदा वाचायला लावलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "चेचलं कुणी?"

मी काय सांगू? मी म्हटलं, मी आन् रवळूनं.

"आन् सांगितलं कुणी?"

ते बी तुझ्याच पत्रात हुतं. "गोळा खरवड असं मीच जोतिबाला सांगितलं," असं तू पाटलाच्या नकलेत खाली येगळं लिवलंयस. मास्तरानं ते बी वाचलं.

जयवंता, तुला खोटं कुणी म्हटलं न्हाय. मी मनात म्हणत हुतो, कुणीतरी उठावं, हसावं, म्हणावं काचवाला खुळा हाय. कुणी उठलं न्हाय. समद्यांस्नी पटलं. बाईनं न्हेली असती तर बाईची मर्जी हुती. आता माझ्या हातानं गेली.

बाया पुरण तसंच चुलीवर ठेवून उठून गेल्या. पाणी बंद, इस्तू बंद, बोलणं बंद. गुणाबाई वढ्याला झरा उकरून पाणी आणती. रवळूला मी जा म्हटलं, तर म्हणतोय, पायानं चेचलं ते माझ्या, मी कुठं जाऊ.

आई इचारती, "बाया कुठं गेल्या?" गुणाबाई म्हणाली, जत्रंच्या कामाला.

जोतिबा


कॅम्प, बेळगांव
ता. १४ डिसेंबर १९३४

प्रिय जोतिबा,

हे अशक्य आहे. माझं पत्र त्यांनी खरं मानलं ना? मग त्याच पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की चेचण्याचा परिणाम कुणालाच ठाऊक नव्हता, पुस्तकालाही नव्हता. ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडं दोष कसा येईल? अर्धं पत्र खरं आणि अर्धं नाही असं धरता येत नाही. मी पाटलांना मुद्दे पाडून दुसरं पत्र धाडलं आहे.

इथं कॅम्पात एका वकिलांचे चष्मे मी करतो. त्यांना विचारलं. ते म्हणाले, मारहाण असेल तर फिर्याद होते, विहीर बंद केली तरी काही करता येईल. पण शेजारी तुमच्याशी बोलत नाही, तुमच्या मयताला येत नाही, यावर कोणतं कोर्ट हुकूम काढणार? खांदा द्या म्हणून समन्स निघत नाही. हे सांगून ते हसले. चष्मा मी त्यांना तसाच, दांडी न बसवता परत दिला.

आत्याला इथं आण. मष्णूच्या लॉरीत गवत पसरून, वर गादी घालून तिला आणता येईल. मिशनचा डॉक्टर चांगला आहे. इथं भावकी नाही, पण पाणी बंद करणाराही कुणी नाही. किंवा मीच येतो आणि चावडीत उभा राहून त्यांना समजावतो. बरण्या घेऊन येईन, डोळ्यांदेखत दाखवीन. कळव.

जयवंत


कुरणवाडी
मार्गशीर्ष पुनव, जत्रा

जयवंतास रामराम.

बरण्या घेऊन येऊ नगोस. तुझ्या दुसऱ्या पत्राचा काय उपेग झाला न्हाय. पाटील म्हणाला, ह्यो माणूस दर आठवड्याला आमाला नव्यानं शिकवणार हाय काय?

आज जत्रा हाय. ढोल ऐकू येतोय. तळं मी घासलेलं, आन् हवाली दुसऱ्यानं केलं. आई म्हणाली, "पालखी दारावरनं जाईल तवा मला उठवून बसीव." बसीवली. पालखी आली, आपल्या दारापशी ढोल थांबला, आन् म्होरल्या दारापशी परत वाजाय लागला. आईनं माझ्याकडं बघितलं. मग तिला समदं सांगितलं. लपवून काय उरलं न्हवतं.

तिला बेळगावला चल म्हटलं. ती म्हणती, "मरायला परगावी कशाला? तितं मला वळखतंय कोण?" तुझ्यावर राग न्हाय तिचा. म्हणाली, "त्येला ल्हानपणापासनं खरं सांगायची खोड. खोटं बोलला असता तर एवढा शिकला नसता."

काल रातच्याला गुरव मागल्या दारानं आलता. तो म्हणतोय, एकच वाट हाय. ज्यानं लिवलं त्येनंच बाईपुढं उभं ऱ्हाऊन म्हणावं, मी लिवलं ते खोटं, मला यातलं कळत न्हाय, मासे बाईनं न्हेले. मग कौल खरा ठरतोय, मग आमाला वाळीत ठेवायला कारण ऱ्हात न्हाय. पाटलाला बी मनातनं तेच पायजे, असं गुरव म्हणाला. नथवाली बाईनं न्हेली म्हंजे त्येच्या आजीचा मान. चेचून मेली म्हंजे निसतं मढं.

मी तुला ये म्हणत न्हाय. कळवायला पायजे म्हणून कळवलं. डोळ्यांनी बघितलेलं न्हाय म्हणणं तुला जमत न्हाय हे मला ठावं हाय.

आईनं दोन दिस झालं पेजसुदिक सोडलीया.

जोतिबा


कॅम्प, बेळगांव
ता. २९ डिसेंबर १९३४

प्रिय जोतिबा,

उत्तराला उशीर झाला. या दिवसांत मी काय करत होतो ते सांगतो, म्हणजे उशिराचं कारण कळेल.

तुझं पत्र वाचून प्रथम मला संताप आला. मासा माझ्यासमोर मेला, आणि तो त्या रसानं मेला नाही असं मी दगडापुढं उभं राहून म्हणायचं. मी चौथी पास. पुढचं सगळं कुणी शिकवलेलं नाही, एकेक अक्षर स्वतः उकरून काढलंय. साहेबांना, डॉक्टरांना मी सांगत आलो की मी बघितल्याशिवाय बोलत नाही आणि बघितलेलं सोडत नाही. माझ्याकडं दुसरं काही नाही.

मग वाटलं, कदाचित चुकलंच असेल माझं. खंदकातला मासा आधीच आजारी असेल. खलात पूर्वीचं काही औषध राहिलं असेल. म्हणून खल राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन, खंदकाऐवजी एका विहिरीतला मासा आणून प्रयोग परत केला. तुझ्या बाटलीतला उरलेला सगळा गोळा त्यात संपला. चेचायच्या आधी बराच वेळ बघत बसलो होतो. सगळी तोंडं उघडी होती.

मासा पुन्हा मेला. मासा जगला असता तर बरं झालं असतं, असं मला प्रयोग करताना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मी येतो. बाईपुढं उभा राहून म्हणतो. आत्याला सांग मी येतोय.

फक्त एक कर. मला आयत्या वेळी असलं बोलता येणार नाही. मी सुरुवात बरोबर करीन आणि मधेच 'पण' म्हणीन, आणि तो 'पण' पुन्हा तुझ्या घरावर पडेल. स्वतःवर माझा तेवढा भरवसा नाही. म्हणून गुरवाला विचारून काय म्हणायचं ते शब्दशः लिहून घे आणि उलट टपाली पाठव. मी ते पाठ करीन. त्यात एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पत्र हातात पडलं की पहिल्या सर्व्हिस मोटारीनं निघतो.

तुझा
जयवंत


कुरणवाडी
मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी

जयवंतास रामराम.

एकादशीला पहाटं आई गेली. तुझं पत्र घेऊन पोस्टमन आला तवा ती अंगणात ताटीवर हुती. तो दारातच थांबला, काय करावं त्येला कळंना. मी म्हटलं, दे. वाचलं न्हाय, कोपरीच्या खिशात घातलं. मसणवटीतनं आल्यावर वाचलं.

शब्द आता नगोत. काल गुरव सांगून गेला, दहाव्याला भावकी येणार हाय. पाटील म्हणाला म्हणं, म्हातारी गेली, आता राग धरायचा कुणावर. पाणी बी सोडलंय. गुणाबाई अजून वढ्यालाच जाती. सवय झालीया म्हणती.

तू दहाव्याला ये. पिंडाला तू असावास असं आईच्या मनात असंल.

ती कशी गेली ते इचारशील. तरास झाला न्हाय. आदल्या सांजंला इचारत हुती, "जयवंता निगाला का?" मी म्हटलं, निगालाय. डोळे मिटून पडली, मग परत काय बोलली न्हाय. मला वाटतं तिला खरं वाटलं.

मष्णू लॉरी सडकंला लावून आलता. म्हणाला, म्हातारी मला दर खेपंला भाकरी बांधून द्यायची, मला वाळीत टाकणारा कोण हाय. रवळू हुता. मी. म्हंजे तिघं झालो. दारंदारं उघडी हुती, आत माणसं उभी हुती. कुणीच भायेर आलं न्हाय. मी लई वेळ थांबलो. मष्णू म्हणाला, "जोतिबा, ऊन चढतंय." रवळू म्हणाला, बैलगाडी जुपू. मी हुं म्हणणार हुतो.

तवा गुणाबाईनं पदर खोचला आन् मागला डावा दांडा धरला. म्हणाली, "सासू माजी हाय. गाडीत कडबा न्हेत्यात."

बाईमाणसानं खांदा दिलेला ह्या गावात कुणी बघितला न्हवता. समदं गाव दारातनं बघत हुतं. चौघं निगालो. पर ती पडली बुटकी, जयवंता. आमी तिघं उंच. तिच्या कोपऱ्याला ताटी खाली कलायची, आन् आई त्या अंगाला घसरत जायची. तळ्याच्या वळणापशी तर आईचा हात भायेर आला. मग आमी खाली ठेवायची, आईला सारखी करायची, परत उचलायची. गुणाबाई टाचा उचलून चालत हुती. वाटंभर टाचा उचलून. मी पुढनं वाकून चाललो, तरी सारखी हुईना.

तिथं तुझ्या उंचीचा माणूस पायजे हुता.

जोतिबा